रजिस्टरातल्या मोकळ्या ओळी

इन्स्पेक्टरने खोटा पुरावा ठेवला त्या संध्याकाळी मी टाळी वाजवली होती. हे लपवून उपयोग नाही. मला तेव्हा मनापासून आनंद झाला होता.

इन्स्पेक्टर म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेतला. सोमवार ते गुरुवार, साडेआठला लागायची. मी कसबा पेठेत एका काकूंकडे कॉट बेसिसवर राहत होतो, म्हणजे बाहेरच्या खोलीत एक खाट, खाटेखाली माझी पेटी आणि भिंतीत दोन खुंट्या. काकू मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या. मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये. टीव्ही आतल्या खोलीत होता. पहिले दोन महिने मी दाराबाहेर बसून मान लांब करून बघायचो. एकदा त्या म्हणाल्या, "अहो गृहस्थ, तुमची मान मोडली तर तुमच्या गावी मी काय कळवू? आत येऊन बसा."

तेव्हापासून मी आत, सतरंजीवर. हळूहळू ‘अहो’चं ‘अरे’ झालं आणि मला फार बरं वाटलं. परक्या गावात कोणी ‘अरे’ म्हणणं ही काय चीज असते, ते घरी राहणाऱ्याला कळायचं नाही.

माझं गाव भंडाऱ्याकडचं. आठवीत नापास झालो आणि परत शाळेत गेलो नाही. कोणी मला मारलं नाही की शाळेतून ओढून नेलं नाही. धानाच्या रोवणीचे दिवस होते, दोन आठवडे बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, काम केलं, मग वर्गात जायची लाज वाटली आणि त्या लाजेत वर्ष गेलं. पुण्यात आलो तेव्हा बावीसचा होतो. खराडीत काचेच्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीला गार्ड लागत होते. एजन्सीची अट दहावी पासची होती. मुलाखत घेणारे सुपरवायझर साताऱ्याकडचे, फौजेतून आलेले. आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो.

"शिक्षण?"

"आठवी, जी."

"इंग्रजी अक्षरं वळखता येतात?"

"येतात."

"मंग दहावी हाय. दाखला मागाहून आणतो असं म्हणालास. मी तसं लिवतोय." आणि त्यांनी लिहिलं.

तो दाखला मी आणणार नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्या एका ओळीवर मला युनिफॉर्म मिळाला, बूट मिळाले, घरी मनिऑर्डर जायला लागली. फाइल तपासायला एजन्सीच्या ऑफिसातून कोणी आलं की मी रजिस्टरात डोकं खुपसून बसायचो. साहेबांसाठी मी काहीही केलं असतं. त्यांनी कधी काही मागितलं मात्र नव्हतं.

माझी ड्यूटी सकाळी सात ते दुपारी तीन, मेन गेटवर. येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव, वेळ, हातात काय आहे, सगळं रजिस्टरात लिहायचं. पहिल्याच दिवशी साहेबांनी एक गोष्ट शिकवली. शिफ्ट संपली की खाली दोन ओळी मोकळ्या सोडायच्या, मग पुढच्याने सुरुवात करायची. कारण साधं होतं. इंजिनिअर लोक फोनवर बोलत बोलत निघून जायचे, सही राहायची. कोणी आत गेल्यावर चिठ्ठी पाठवायचं. अशी राहिलेली नोंद नंतर त्या जागेत बसवायची, म्हणजे क्रम बिघडत नाही. सगळे गार्ड तसंच करायचे. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

मालिकेतला इन्स्पेक्टर सुरुवातीला फार सरळ होता. साक्षीदाराच्या घरी चहासुद्धा प्यायचा नाही. वरच्या अधिकाऱ्याने फाइल बंद कर म्हटलं तर करायचा नाही. मला तो आवडायचा तो त्याच्या एका सवयीमुळे. कुठेही गेला तरी दार ठोठावायच्या आधी क्षणभर थांबायचा. मी पण गेटवर तसा थांबून बघायला लागलो होतो.

त्या वेळच्या गोष्टीत एका बिल्डरने बायकोला मारलं होतं. आम्हा प्रेक्षकांना ते पहिल्याच भागात दाखवलं होतं. हातमोजे, उशी, सगळं. इन्स्पेक्टरला मात्र पुरावा मिळत नव्हता. साक्षीदार उलटला, नोकर पळून गेला. असे कितीतरी आठवडे गेले. मग एका गुरुवारी इन्स्पेक्टरने पुराव्याच्या पाकिटातून बाईची अंगठी काढली आणि बिल्डरच्या कपाटात नेऊन ठेवली. त्याच भागात पुढे झडतीत ती ‘सापडली’.

मी टाळी वाजवली. काकूंनी आवाज बारीक केला.

"टाळी कशाबद्दल?"

"पकडला ना, काकू! मारणारा तोच होता."

"तुला कसं माहीत?"

"आपण पाहलं ना जी. उशी दाबताना."

"आपण पाहिलं. इन्स्पेक्टरने कुठे पाहिलं? तो काय इथे आपल्या सतरंजीवर बसला होता?"

मी हसलो. "पण शेवटी खरंच निघालं ना?"

"लेखक पाठीशी असला की माणसाचा अंदाज चुकत नाही," काकू म्हणाल्या. "आणि ‘पाहलं’ नाही, पाहिलं."

पुढे इन्स्पेक्टर बदलतच गेला. एका प्रकरणात त्याने साक्षीदाराला कोंडून ठेवलं, एकात दुसऱ्याची सही केली. दर वेळी त्याच्या चेहऱ्यावर जवळून कॅमेरा यायचा, डोळ्यांत पाणी दिसायचं, मागे सारंगी वाजायची, आणि दर वेळी त्याचा संशय खरा निघायचा. एकदाही चुकला नाही. काकू बघायच्या, पण स्वेटर विणत बघायच्या. मी डोळे लावून बघायचो. बसमध्ये जाता-येता मी त्याच्याबद्दल विचार करायचो. भला माणूस आहे, भल्यासाठी करतो, आणि वरून त्रासही स्वतःच सोसतो, असं वाटायचं. मला तो आधीपेक्षा मोठा वाटायला लागला होता.

आमच्या इमारतीत एसीचं काम बघणारा एक जण होता. चाळिशीचा, वाघोलीच्या पलीकडच्या गावातला, एका काँट्रॅक्टरकडचा. दोन मुली होत्या त्याला, पाकिटात त्यांचा शाळेचा फोटो ठेवायचा. माझं आणि त्याचं जमत नव्हतं. इंग्रजी नावं मी एकेक अक्षर बघून काढायचो, त्याला वेळ लागायचा. तो खिडकीवर कोपर टेकून म्हणायचा, "काय मास्तर, आज कंचं चित्र काढलं? हत्ती का घोडा?" मागे रांगेत उभे असलेले हसायचे. मी वर बघायचो नाही.

एकदा त्याच्या काळ्या बॅगेत तांब्याच्या नळीचे तुकडे निघाले.

"भंगार हाय रं. काँट्रॅक्टरला इचार."

मी विचारलं. आमचंच आहे, जाऊ द्या, असं उत्तर आलं. मी जाऊ दिलं. पण माझ्या मनात ते राहिलं. खरं सांगायचं तर तांब्यापेक्षा हत्ती-घोडा जास्त राहिला.

तो शनिवार होता. शनिवारी गर्दी कमी. एसीवाला सकाळी नऊला आला, चौथ्या मजल्यावर सर्व्हिसिंग होतं. तीन वाजता मी ड्यूटी सोपवली, दोन ओळी मोकळ्या सोडल्या, बस पकडली. तो तेव्हा आतच होता. सोमवारी सकाळी चौथ्या मजल्यावरच्या कंपनीतून एक लॅपटॉप नाहीसा झाल्याचं कळलं. परदेशातल्या ग्राहकाचा होता, आत त्यांचं महिनोन् महिन्यांचं काम. टाय लावलेली माणसं पांढऱ्या तोंडाने लिफ्टने खाली-वर करत होती. मेन गेटवर कॅमेरा होता, पण तो आठवडाभर बंद होता.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"शनिवारी गेटावर तू. कोण काय घिऊन गेलं?"

"रजिस्टरात आहे, साहेब, जे आहे ते."

"रजिस्टरात न्हाय, म्हणून तर इचारतोय. नीट आठव. हे प्रकरण गेटावर आलं तर एजन्सीचं काँट्रॅक्ट जातंय. आणि त्याआधी गार्डांच्या फायली मागवतील. तुझी काढली तर मी काय दाखवू?"

त्यांनी रजिस्टर शनिवारच्या पानावर उघडून माझ्यासमोर ठेवलं. "आठव," म्हणाले आणि चहा प्यायला बाहेर गेले.

त्यांनी एवढंच केलं. ‘लिही’ असं ते म्हणाले नाहीत. हे मी त्यांच्या बाजूने सांगतो, कारण ते खरं आहे.

मी त्या पानाकडे बघत बसलो. माझ्या शेवटच्या नोंदीखाली दोन ओळी मोकळ्या होत्या. एसीवाल्याच्या बाहेर जाण्याची नोंद पुढच्या शिफ्टमध्येही राहून गेली होती. चौथा मजला, काळी बॅग, तांब्याचे तुकडे. दुसरं कोण असणार? मला एकदाही शंका आली नाही की हा नसेल. फक्त पुरावा नव्हता. आणि पुरावा नसताना गुन्हेगार सुटतो, निर्दोष गार्ड अडकतो, हे मी रोज संध्याकाळी टीव्हीसमोर शिकलो होतो. मी निळं पेन घेतलं. दोन वाजून दहा मिनिटं, एसी मेंटेनन्स, एक काळी बॅग, तपासणीला न थांबता गेला. अक्षर जरा बारीक काढलं, इतर नोंदींसारखं. लिहिताना मला तो दिसलासुद्धा. खांद्यावरची बॅग एका बाजूला झुकलेली, नेहमीपेक्षा जड. पाच मिनिटांपूर्वी जे डोक्यात नव्हतं ते आता आठवणीसारखं समोर उभं राहिलं.

साहेब परत आले. वाचलं. माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "डोळं बरं हायत तुझं."

दुपारी एसीवाल्याला चौकीवर नेलं. दोन दिवस सकाळी बोलवायचे आणि संध्याकाळी सोडायचे. मारलं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी काँट्रॅक्टरने त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी मी मालिका बघितली, आणि जेवलोही पोटभर.

तीन आठवड्यांनी लॅपटॉप परत आला. त्याच कंपनीतला एक मोठा अधिकारी तो स्वतःच बेंगळुरूला घेऊन गेला होता. बेसमेंटमधून गाडीतून, कोणाला न सांगता. मग त्याला तिथूनच परदेशी जावं लागलं, आणि खाली काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. त्याने सगळ्यांसाठी म्हैसूरपाकाचा डबा आणला होता. "मिसकम्युनिकेशन झालं, सॉरी हं," म्हणत त्या कंपनीतली एक मुलगी गेटवर पण आली आणि टिश्यूवर एक तुकडा ठेवून गेली. मी तो तोंडात टाकला. तुपकट होता.

शिफ्ट संपल्यावर मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, ती नोंद."

"कंची?"

"एसीवाल्याची. मी त्याला जाताना बघितलं नव्हतं."

साहेब गार्डांच्या हजेरीचा कागद भरत होते. पेन थांबलं नाही. "हे तू मला सांगितलं न्हाईस."

"पण आता लॅपटॉप मिळाला ना. त्याला परत घेतील?"

"चोरीचं मिटलं. पण बॅग न दाखवता गेला, हे ऱ्हायलंच की कागदावर. आता तेच कारण दावलंय त्यांनी. कंपनीला चूक झाली म्हणायची लाज वाटती."

"पण ते खोटं आहे, साहेब."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावले नव्हते. दमल्यासारखे दिसले. "तुझी दहावी पण खोटीच हाय. दोन्ही एकदम खरं करायचं का? सांग. आत्ता करतो."

मी गेटवर गेलो, टोपी घेतली आणि बस पकडली.

त्यानंतर मी साडेआठला सतरंजीवर जाऊन बसेना. डोकं दुखतं म्हणायचो. चार दिवस काकूंनी ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी पावट्याच्या शेंगांचं ताट घेऊन त्या बाहेरच्या खोलीत आल्या आणि माझ्या खाटेसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"का रे, इन्स्पेक्टरशी भांडण झालं का?"

मी सगळं सांगितलं. दहावीचंही. त्या सोलत राहिल्या. एकदाही ‘अरेरे’ म्हणाल्या नाहीत, एकदाही ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ म्हणाल्या नाहीत. मला वाटलं होतं तसं म्हणतील, आणि म्हटलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

"मी खोली सोडू का, काकू?"

"तू खोली सोडून त्या माणसाला काय मिळणार? माझी कॉट?"

खाली पडलेली एक शेंग उचलून मी ताटात टाकली.

"आणि मला कशाला सांगतोस? मी काय कोर्ट आहे? ज्याला सांगायचं त्याला सांग." ताट उचलून त्या आत गेल्या. दारातून म्हणाल्या, "त्या इन्स्पेक्टरला काल बढती मिळाली. बघायचं नसेल तर बघू नकोस, पण डोकं दुखतं असं मला सांगू नकोस."

त्याचा पत्ता कुठून काढायचा याचा विचार मी करत होतो. करत होतो म्हणजे पुढे ढकलत होतो. एका मंगळवारी तोच आला.

दुपारचे बारा वाजले असतील. इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात प्लास्टिकची पिशवी, आत कागद. तो खिडकीवर टेकला नाही. सरळ उभा राहिला आणि पाहुण्यांचं रजिस्टर मागून घेऊन स्वतःच्या हाताने नाव, वेळ लिहिली. ‘कोणाला भेटायचं’ या रकान्यापाशी थांबला.

"हितं काय लिवू?" त्याने विचारलं. "तुलाच भेटायचंय."

मी म्हणालो, "राहू द्या. बोला."

"रागवू नको. एक इचारतो." त्याने मागे कोणी आहे का बघितलं. "त्या शनवारी मी खरंच दोन वाजता गेलो व्हतो का?"

मी पाहुण्यांचं रजिस्टर माझ्याकडे ओढून घेतलं.

"मला आपलं चार वाटतंय. बायको म्हणती, तुमी पाचला घरी आला, पोरींची शिकवणी चालू व्हती. पण चौकीत म्हणले, रजिस्टर हाय, रजिस्टर खोटं बोलतंय का? रोज तेच. मग मलाच वाटाया लागलं, गेलो असंल लवकर. कुठं तरी थांबलो असंल. आता इचार करायला बसलो तर काय आठवतच न्हाय बघ. रात्रंदिवस तेच. तू लिवलंस म्हंजे बघितलं असशीलच की."

‘मास्तर’ तो एकदाही म्हणाला नाही.

"तुम्ही दोनला गेला नव्हता," मी म्हणालो. "मी तुम्हाला बघितलंच नव्हतं. माझी ड्यूटी संपली तेव्हा तुम्ही वरच होता."

त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट बघत होतो. आधी राग नाही आला. त्याने श्वास सोडला, दोन्ही हातांनी खिडकीची कड धरली आणि म्हणाला, "म्हंजे माझं डोकं ठीक हाय."

"हो."

"मंग लिवलंस कशापायी?"

"मला वाटलं, तुम्हीच घेतला."

"वाटलं," तो म्हणाला. मागून एक कुरिअरवाला आला, मी त्याची नोंद केली, तो गेला. एसीवाल्याने पिशवीतून एक कोरा कागद काढला, खिडकीच्या फळीवर सरळ केला. "काँट्रॅक्टर म्हणतोय, सिक्युरिटीनं नोंद चुकीची हाय असं लिवून दिलं तर घेतो परत. आत्ता जे बोललास तेवढंच लिव. खाली सही कर. तुला शिव्या द्यायच्यात, त्या मी नंतर देतो."

पेन माझ्या खिशाला होतं. कागद समोर होता. मला वाटतं, मी हात खिशापर्यंत नेलाही. मग माझ्या डोळ्यांसमोर माझी फाइल आली, घरी जाणारी मनिऑर्डर आली, आणि मी म्हणालो, "साहेबांना विचारून सांगतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. कागदाची घडी घालू लागला, मग घातली नाही, तसाच पिशवीत ठेवला.

"इचार," म्हणाला. "मी हाय हितंच."

रस्त्यापलीकडे एका नव्या टॉवरच्या जाहिरातीचा फलक होता. त्याच्या सावलीत, फुटपाथच्या कडेवर तो बसला. माझ्या केबिनमध्ये इंटरकॉम होता. साहेब तिसऱ्या मजल्यावर होते. एक आकडा दाबला असता तर लागले असते. मी दाबला नाही. साहेब काय म्हणतील ते मला माहीत होतं, आणि मला त्यांना विचारायचंही नव्हतं. बॅरिअर वर झाला की तो दर वेळी उठून उभा राहायचा, माझ्याकडे बघायचा, गाडी निघून गेली की परत बसायचा. मी नोंदी करत होतो. इंग्रजी नावंही त्या दिवशी भराभर निघत होती.

तीन वाजता दुसऱ्या शिफ्टचा गार्ड आला. मी त्याला चाव्या, रजिस्टर, टॉर्च दिली आणि बाहेर कोणी विचारलं तर मी वर गेलोय असं सांग म्हणालो. मग कँटीनच्या मागच्या दाराने बाहेर पडलो, सिमेंटच्या गोण्यांमधून चालत मागच्या रस्त्याला लागलो आणि दोन थांबे पुढे जाऊन बस पकडली. काकूंना त्या दिवशी काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गार्ड रात्रीचीही ड्यूटी करून मला मुद्दाम भेटायला थांबला होता.

"काल तो माणूस सहा वाजेपर्यंत बसला होता," तो म्हणाला. "मग येऊन मला विचारलं, कधी येणार खाली? मी सांगितलं, तो गावाला गेला, महिनाभर येत नाही. बरं केलं ना?"

"हो," मी म्हणालो. "बरं केलंस."

आणि मी त्याचे आभार मानले.